उसाच्या घराण्याची कुंडली मांडणाऱ्या जानकीबाई



यंदा नवरात्रात पूर्वहंगामी उसाच्या लागणीची बैठक आटोपून मी गाडीला किक मारणार, तोच आमच्या भागातले एक तात्या आडवे आले. त्यांना बेण्याचं काही विचारायचं नव्हतं. त्यांची मुलगी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, पहिल्या वर्गात. आता ती म्हणते एम.एस्सी. करायची, आणि तीही जैवविविधता आणि संवर्धन या विषयात. तात्यांचं म्हणणं असं, की रानातली झाडं आणि गवतं मोजायला दोन वर्षं आणि एवढा पैसा घालवायचा कशाला? बी.एड. केलं तर शाळेत तरी लागेल. नाहीतर स्थळं येताहेतच. तुम्ही साहेब आहात, तुमचं ती ऐकेल, तेवढं समजावून सांगा, असा त्यांचा आग्रह.

मी पडलो कृषी पदविकेवाला. पदविका घेतली आणि नोकरीला लागलो. विद्यापीठाची पायरी चढलो ती प्रशिक्षणापुरतीच. पोरीला समजावणारा मी कोण? पण तात्यांच्या वाटेवरच्या ओढ्याला त्या दिवसांत कास गवताला तुरे आले होते. पांढरे, लांब, वाऱ्यावर डोलणारे. ते बघून मला एका बाईंची आठवण झाली, आणि तिथंच उभ्या उभ्या मी तात्यांना त्यांची गोष्ट सांगितली. उभ्यानं सांगताना बरंच राहून गेलं. ते आज तुम्हाला सविस्तर सांगतो. उसाचा एक डोळा जरी तुमच्या रानात असला तरी या बाईंचं नाव तुम्हाला ठाऊक असायला हवं.

त्यांचं नाव डॉ. एडवलेत कक्कट जानकी अम्मल. दक्षिणेत ‘अम्मल’ हे बाईमाणसाच्या नावापुढं मानानं लावतात, आपण ‘बाई’ लावतो तसंच. म्हणून मी त्यांना जानकीबाईच म्हणणार.

जानकीबाईंचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ चा, केरळातल्या तेल्लीचेरीचा. आता त्या गावाला थलश्शेरी म्हणतात. वडील तिथं दुय्यम न्यायाधीश होते. घर भरलेलं, दोन लग्नांची मिळून भावंडंच एकोणीस-वीस, त्यात जानकी दहावी. वडिलांना पक्ष्यांचा आणि झाडांचा भारी नाद. घरची बाग त्यांनी हौसेनं राखलेली, निसर्गावरची पुस्तकं जमवलेली. पोरीला तो नाद तिथूनच लागला. समाज थिय्या, म्हणजे त्या काळच्या उतरंडीत खालचा मानलेला. हे ध्यानात ठेवा, पुढं त्याचा संबंध येतो.

गावच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकून त्या मद्रासला गेल्या. आधी क्वीन मेरीज कॉलेज, मग प्रेसिडेन्सी कॉलेज. १९२१ साली वनस्पतिशास्त्रात ऑनर्सची पदवी मिळाली. त्या सालच्या जनगणनेत देशातल्या शंभरात दोन बायकासुद्धा लिहिता-वाचता येणाऱ्या निघाल्या नव्हत्या, म्हणजे काळ कसला होता बघा. मद्रासच्याच विमेन्स ख्रिश्चन कॉलेजात त्या शिकवायला लागल्या. बहिणींची लग्नं एकेक करून होत होती. यांच्यासाठीही नात्यातलंच स्थळ ठरत आलं होतं. तेवढ्यात अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची बार्बर शिष्यवृत्ती मिळाली. लेव्ही बार्बर नावाच्या गृहस्थानं आशियातल्या मुलींनी शिकावं म्हणून ती ठेवलेली. जानकीबाईंनी लग्न बाजूला ठेवलं आणि १९२४ साली बोट धरली. पुढं लग्न केलंच नाही.

आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या हे आपण शाळेत शिकलो. त्यानंतर चाळीस वर्षांनीही एकट्या मुलीनं जाणं काही सोपं झालं नव्हतं. न्यूयॉर्कच्या बंदरात कागदपत्रांसाठी त्यांना अडवून ठेवलं होतं. लांब केस, अंगावर रेशमी साडी. तिथल्या माणसांना ही कुणी हिंदुस्थानची राजकन्याच वाटली आणि सोडून दिलं, असं त्यांच्या घरची मंडळी सांगत. राजकन्या आहेस का असं विचारल्यावर बाईंनी नाही म्हणून सांगितलं नाही म्हणे.

मिशिगनला त्या नेमकं काय शिकल्या? तात्यांचा प्रश्न तोच आहे, म्हणून इथं जरा थांबतो. त्या शिकल्या गुणसूत्रं मोजायला. झाडाच्या प्रत्येक पेशीत बारीक धाग्यांसारखी गुणसूत्रं असतात, आणि त्या झाडाचे सगळे गुण, उंची, गोडी, रोगाशी झुंजण्याची ताकद, त्यांतूनच पुढच्या पिढीत उतरतात. प्रत्येक जातीत त्यांची संख्या ठरलेली. कांद्यात १६, ज्वारीत २०, भातात २४, आपल्या नेहमीच्या गव्हात ४२. मोजायचं कसं? कोवळ्या मुळाचं टोक कापायचं, औषधात बुडवायचं, रंगवायचं, काचेवर पसरायचं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. एक काच नीट जमायला कधी कधी दिवस जातो. ऐकायला कंटाळवाणं वाटतं. पण कुठल्या दोन झाडांचं जमेल, कुठल्यांचं जमणार नाही, संकर झाला तर तो वांझ निघेल का, हे त्यावरून आधी सांगता येतं. सोयरीक जुळवायच्या आधी घराणं बघतात ना, तसंच.

एम.एस्सी. करून त्या परत आल्या, मद्रासला शिकवलं, आणि पुन्हा मिशिगनला गेल्या. वांगी-टोमॅटोच्या कुळातल्या निकँड्रा नावाच्या एका झाडाच्या गुणसूत्रांवर प्रबंध लिहिला आणि १९३१ साली डी.एस्सी. ही डॉक्टरेट मिळवली. वांग्याचा त्यांनी केलेला एक संकर त्यांच्याच नावानं ओळखला गेला. मायदेशी आल्यावर दोनेक वर्षं त्या त्रिवेंद्रमच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. त्यानंतर १९३४ साली त्या कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात दाखल झाल्या.

आता ऊसवाल्यांनी कान द्या.

तुमच्या उसाच्या नावात ‘को’ असतं ना, को ७४०, को ८६०३२, ते ‘को’ म्हणजे कोइमतूर. फुले २६५ चं कागदावरचं नाव को.एम. ०२६५, त्यातला ‘एम’ महाराष्ट्राचा. तर हे कोइमतूरचं केंद्र १९१२ साली निघालं. त्याआधी आपल्याकडे काय होतं? दख्खनेत पुंड्या ऊस. जाड, रसाळ, खायला गोड, पण लाडावलेला. पाणी जरा कमी-जास्त झालं की बसला, रोग आला की संपला. उत्तरेत देशी ऊस बारीक, काटक, पण साखर कमी. साखर आपण जावा बेटातून बोटीनं आणत होतो, आणि जावाचा ऊस आपल्या उत्तरेच्या थंडीत आणि कोरडीत टिकत नव्हता.

कोइमतूरला बार्बर साहेब आणि त्यांच्या हाताखालचे वेंकटरामन यांनी एक धाडस केलं. (हे बार्बर वेगळे, शिष्यवृत्तीचे नव्हेत.) गोड जाड ऊस घेतला आणि त्याचं लग्न लावलं नदीकाठच्या रानटी गवताशी. ते हेच कास. शास्त्रीय नाव सॅकॅरम स्पाँटेनियम. साखर जवळजवळ नाही, कांडी बोरूएवढी, पण पुरात टिकतं, दुष्काळात टिकतं, जाळलं तरी बुडख्यातून फुटतं. १९१८ साली त्या लग्नाचं पोर, को २०५, पंजाबच्या शेतकऱ्यांच्या हातात गेलं.

सालांचा हिशेब तुमच्या लक्षात आला असेल. को २०५ आला १९१८ ला, जानकीबाई केंद्रात आल्या १९३४ ला. हिंदुस्थानचा ऊस जानकीबाईंनी गोड केला असं पुष्कळदा छापून येतं. ते तितकं सरळ नाही. पहिला संकर त्यांच्या आधीच झाला होता, आणि ते श्रेय ज्यांचं त्यांना द्यायला हवं. मग बाईंनी काय केलं? त्यांनी या घराण्याची कुंडली मांडली. लग्नं लागत होती, पोरं होत होती, पण कुठलं पोर दणकट निघतं, कुठलं वांझ, आणि का, हे अंदाजानं चाललेलं. जानकीबाईंनी ठिकठिकाणचं कास गवत मिळवून त्याची गुणसूत्रं मोजली. जाड गोड उसात ८० गुणसूत्रं. आणि कासात? कुठल्या कासात ४०, कुठल्यात ६४, तर कुठल्यात १२८ पर्यंत. म्हणजे दिसायला एकच गवत, पण या नदीचं वेगळं आणि त्या डोंगराचं वेगळं. एका ओढ्याचं कास नाहीसं झालं तर दुसऱ्या ओढ्यावरनं ते भरून येईलच असं नाही. या गवताचा पसारा आपल्या देशात किती जुना आणि किती खोल आहे, हे त्यांच्या कामातून पुढं आलं.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. उसाचा संकर मक्याशी करून बघितला, इतर रानगवतांशी करून बघितला. ऊस-बांबूच्या संकराचाही त्यांनी अभ्यास केला. मक्याच्या संकरातून शेतात लावण्याजोगं वाण काही निघालं नाही. पण उसाचं गोत कुठवर पसरलेलं आहे, कुठवर हात घालता येतो, हे कळलं. आज आपण लावतो त्या उसाच्या गुणसूत्रांत साधारण दहा ते पंधरा टक्के वाटा या रानटी कासाचा आहे असं शास्त्रज्ञ सांगतात, बाकी बहुतेक गोड उसाचा. रस त्या गोड आजीचा. फुटवे जोरात, खोडवा चांगला, पाण्याचा ताण सोसला, तर ते देणं बरंचसं या गवताकडचं. तुमचा तिसरा खोडवा टनेज देत असेल तर ओढ्याकडं बघून एकदा हात जोडायला हरकत नाही.

कोइमतूरला दिवस सुखाचे नव्हते. एकटी बाई, शिकलेली, आणि त्यात खालची मानलेली जात. सोबतच्या पुरुषमंडळींना ते सलायचं असं त्यांच्या चरित्राचा अभ्यास करणारे सांगतात. पण नाव देशात झालं होतं. १९३४ साली सर सी. व्ही. रामन यांनी विज्ञान अकादमी काढली, तिच्या पहिल्या पहिल्या सभासदांत जानकीबाईंना घेतलं.

१९३९ च्या ऑगस्टमध्ये आनुवंशिकी शास्त्राच्या जागतिक परिषदेला त्या एडिंबरोला गेल्या. परिषद संपते न संपते तोच महायुद्ध सुरू झालं. मग इंग्लंडातच राहिल्या. लंडनजवळच्या जॉन इनिस संस्थेत काम मिळालं. रात्री बाँब पडायचे, बाई खाटेखाली शिरायच्या. सकाळी फुटलेल्या काचा झाडून पुन्हा सूक्ष्मदर्शकापाशी. डार्लिंग्टन या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी लागवडीखालच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचं मोठं पुस्तक तयार केलं, ते १९४५ ला निघालं. जगभरची हजारो झाडं-पिकं आणि प्रत्येकाची गुणसूत्रसंख्या त्यात आहे. पैदाशीचं काम करणाऱ्याला ते पंचांगासारखं. याच काळातली एक गंमत. बाईंनी साडीच्या निऱ्यांत लपवून आपली एक खारुटी तिकडं नेली होती, कपोक नावाची, आणि ती त्या संस्थेत पुढं बरीच वर्षं नांदली.

युद्धानंतर त्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या विस्ली इथल्या बागेत गेल्या. तिथं पगारावर घेतलेल्या त्या पहिल्या बाई. तिथं त्यांनी कोल्चिसिन नावाच्या रसायनानं झाडांची गुणसूत्रं दुप्पट करण्याचे प्रयोग केले. हे कोल्चिसिन आपल्या कळलावीतही असतं. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलं येतात, ती. (जहाल विष आहे, पोरांना हात लावू देऊ नका.) विस्लीला त्यांनी मॅग्नोलियाच्या रोपांवर ते वापरलं. मॅग्नोलिया म्हणजे परकं काही नाही, आपला सोनचाफा त्याच कुळातला. त्यातल्या एका मॅग्नोलियाला त्यांचं नाव दिलेलं आहे.

देश स्वतंत्र झाल्यावर पंडित नेहरूंनी त्यांना बोलावून घेतलं. १९५१ मध्ये त्या परतल्या आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण या सरकारी खात्याची घडी नव्यानं बसवायचं काम त्यांच्याकडं आलं. हे खातं मूळचं इंग्रजांनी १८९० साली काढलेलं. त्यात एक मोठी खोट होती. आपल्या रानांतल्या झाडांचे वाळवलेले नमुने बोटीत घालून लंडनला गेलेले. आपल्याच गवताचं नाव पक्कं करायचं तर माणसानं विलायतेला जायचं. जानकीबाईंचा हट्ट होता की नमुने इथं असावेत, माणसं इथली असावीत आणि काम इथं व्हावं. १९५४ साली खातं नव्यानं उभं राहिलं आणि पुढच्याच वर्षी पुण्यात त्याचं पश्चिम विभागाचं केंद्र निघालं. मात्र मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञाची जागा बाईंकडं गेली नाही, ती मुंबईच्या झेवियर्सचे फादर सांतापाऊ यांना मिळाली. फादर जन्मानं स्पॅनिश. माणूस विद्वान, आपल्या सह्याद्रीच्या वनस्पतींवर त्यांचं काम मोठं, त्याबद्दल वाद नाही. पण बाईंच्या मनाला ते लागलं. मला तरी त्यांचं लागणं समजतं.

त्यांना दुसरं एक लागलं होतं, ते मात्र आमच्या खात्याच्या माणसानं नीट ऐकण्यासारखं. चाळीसच्या दशकाच्या शेवटी देशात ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम जोरात होती. दुष्काळ आणि फाळणी नुकतीच होऊन गेलेली, धान्य नव्हतं, मोहिमेची गरज खरीच होती. पण जमीन मोकळी करायची म्हणून रानं तुटत होती. त्या काळात जानकीबाई आसामात गेल्या होत्या. (शिलाँग तेव्हा आसामात होतं.) त्या भागात एका दुर्मीळ मॅग्नोलियाचं एकच झाड उरलंय असं कळलं, म्हणून शिलाँगपासून ३७ मैल चालून-फिरून त्या तिथवर पोचल्या. बघतात तर झाड जळालेलं.

जिनं आयुष्य झाडांचं घराणं मोजण्यात घालवलं, तिला त्या एका झाडाबरोबर काय काय गेलं ते कळत होतं. तिथून बाईंचं काम वळलं असं माझं मत. गुणसूत्रं मोजणं सुटलं नाही, पण ज्या रानातून ती झाडं येतात ते रान आणि त्या रानातली माणसं यांच्याविषयी त्या बोलायला लागल्या. १९५५ साली अमेरिकेत प्रिन्स्टनला एक मोठी परिषद झाली. माणसानं पृथ्वीचं रूप कसं बदललं हा तिचा विषय. जगभरचे सत्तरेक नामवंत जमले होते, त्यांत बोलावलेली बाई ही एकटी. तिथं त्यांनी विषय घेतला तो आपल्या देशातल्या पोटापुरत्या शेतीचा. आदिवासी काय पेरतात, काय राखतात, घरची बी-बियाणी कशी टिकतात, त्यात बाईमाणसाचा वाटा काय, असा.

इथं माझी एक कबुली. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी गावोगाव सांगत फिरलो की बांध चकचकीत ठेवा, ओढ्याकाठचं सगळं गवत हंगामाआधी पेटवून द्या. किडीला आसरा मिळतो हे खरं, पिकातलं तण काढायलाच हवं हेही खरं. पण ओढ्याकाठचं कास का जाळायचं, याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. वरून आलेलं सांगत होतो, इतकंच. ते तुमच्यापैकी कित्येकांनी ऐकलं, आता काय करणार!

पुढच्या कामांची नुसती नावं घेतो. अलाहाबादच्या केंद्रीय वनस्पती प्रयोगशाळेच्या त्या प्रमुख होत्या, जम्मूच्या प्रयोगशाळेत काम केलं, लडाखच्या उंचावरची झाडं अभ्यासली. निवृत्तीनंतर काही काळ आपल्या मुंबईत, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही होत्या. १९७० नंतर मद्रासला स्थिरावल्या. मद्रास विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र केंद्रात मानद शास्त्रज्ञ, आणि शहराबाहेर मदुरवायलला त्या केंद्राची शेत-प्रयोगशाळा होती तिथंच मुक्काम. औषधी झाडं लावायच्या, मांजरं पाळायच्या, राहणी अगदी साधी. सरकारनं पद्मश्री दिली.

वयाच्या या टप्प्यावर माणूस नातवंडं खेळवतो. बाई उतरल्या सायलेंट व्हॅलीच्या लढ्यात. केरळच्या पालघाट जिल्ह्यात कुंतीपुळा नदीवर विजेसाठी धरण व्हायचं होतं. १९७३ साली योजना आयोगानं त्याला मंजुरी दिलेली. धरणाच्या पाण्याखाली सुमारे ८.३ चौरस किलोमीटर सदाहरित जंगल जाणार होतं. आकडा छोटा वाटेल. आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी गावाची शिवारं तेवढी असतात. पण ते जंगल न तुटलेलं, जुनं; मिरी, वेलदोडा, आलं यांची रानटी भावंडं तिथं राहिलेली. ऊसवाल्यांना रानटी भावंडांचं मोल आता वेगळं सांगायला नको. केरळ शास्त्र साहित्य परिषदेची मंडळी, शिक्षक, कवयित्री सुगतकुमारी, सगळे विरोधात उभे राहिले. विजेची गरज होती, रोजगार मिळणार होता, आणि धरण हवं म्हणणारेही केरळातच होते, हेही सांगितलं पाहिजे. जानकीबाई त्यात भाषणं करून गप्प बसल्या नाहीत. ऐंशीच्या घरात असताना त्यांनी सायलेंट व्हॅलीतल्या झाडांची गुणसूत्रं मोजायचं काम हाती घेतलं. बुडायचंच असेल तर काय बुडणार आहे त्याची निदान नोंद तरी हवी. मिशिगनला पंचविशी-तिशीत जे शिकल्या, तेच हत्यार शेवटी काढलं.

१९८३ मध्ये प्रकल्प सोडून दिला गेला. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी मदुरवायलच्या प्रयोगशाळेत जानकीबाई गेल्या, वय ८६. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालं. ते बघायला त्या नव्हत्या.

ज्या जॉन इनिस संस्थेत त्यांनी युद्धाचे दिवस काढले, तिनं २०१८ साली त्यांच्या नावानं शिष्यवृत्ती सुरू केली, आपल्यासारख्या विकसनशील देशांतल्या मुलामुलींच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी. मद्रासच्या पोरीला मिशिगनच्या एका गृहस्थाचा पैसा मिळाला होता, त्याची अशी फेड झाली म्हणायची.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मुद्द्याचंच विचारलं, की हे सगळं ठीक, पण आज हे शिकून पोट भरतं का? खोटं कशाला बोलू. सरळ नोकरीची हमी या शिक्षणाला नाही. वनस्पती सर्वेक्षण, कृषी संशोधन केंद्रं, वनखातं, कॉलेजं, अशा जागा आहेत, पण थोड्या, आणि स्पर्धा मोठी. एक काम मात्र आपल्या गावातच पडून आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी, आणि गावातली झाडं, पिकांची जुनी वाणं, गवतं, जनावरं, औषधी वनस्पती यांची लोक जैवविविधता नोंदवही हवी. एका गावची नोंदवही मी चाळली. त्यात त्या गावात औषधालाही नसलेली कोकणपट्टीची झाडं होती, आणि गावात आजही पेरली जाते त्या घरच्या ज्वारीचा पत्ता नव्हता. कुठल्या तरी दुसऱ्या गावची वही उतरवून काढलेली, सरळ दिसत होतं. झाड ओळखणारं शिकलेलं माणूस त्या गावात असतं तर असं झालं नसतं.

तात्या त्यावर काही बोलले नाहीत. चार दिवसांनी फोन आला, फॉर्म कुठं मिळतो म्हणून. मुलीनं विचारायला लावलं की स्वतःहून, ते मी विचारलं नाही.

तुमच्याही घरी कुणी असेल तर सांगून ठेवतो. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा कृषी पदवी झालेल्या मुलामुलींनी आपल्या भागातल्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रत्यक्ष जाऊन चौकशी करावी. नुसतं ऐकीव माहितीवर जाऊ नये. काही ठिकाणी जैवविविधता हा एम.एस्सी.चा स्वतंत्र विषय आहे, काही ठिकाणी वनस्पतिशास्त्रात किंवा पर्यावरणशास्त्रात तो घेता येतो. प्रवेश परीक्षा आहे का, वसतिगृह आहे का, जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर फी सवलत व शिष्यवृत्ती काय मिळते, हे आधीच विचारून घ्यावं. दाखले निकालाच्या आधी काढून ठेवा, नंतर तहसीलला गर्दी होते. कोल्हापूरकडच्यांनी शिवाजी विद्यापीठाची वनस्पती बाग एकदा बघून यावी. आणि ऊसवाल्या घरातल्या मुलांना घेऊन पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रावर जायला हरकत नाही. कोइमतूरच्या संकराचं बी तिथं येतं, आणि त्या बारीक कापसासारख्या बियांतून रोपं कशी उगवतात ते बघायला मिळतं.